घटनास्थळ पाहून गुन्हेगार कसा असेल हे खरंच सांगता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला विचारायचंय की घटनास्थळाचे फोटो पाहून गुन्हेगाराचं वय, व्यवसाय, स्वभाव सांगणारे तज्ज्ञ खरोखर असतात का, पोलीस त्यांचं ऐकतात का, आणि हे काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी.

असतात. पोलीस ऐकतातही, कधीकधी नको तितकं. मी गेली बावीस वर्षं तपास पथकांना गुन्हेगाराच्या वर्तनाबद्दल सल्ला देते. या कामाला प्रोफाइलिंग म्हणतात, आणि गुन्ह्यावरून गुन्हेगाराचं जे वर्णन लिहून देतो त्याला प्रोफाइल. एवढ्या वर्षांत केवळ माझ्या सांगण्यावरून एकही आरोपी पकडला गेलेला नाही. पकडतात ते ठसे, डीएनए, कॅमेरे, मोबाइलचं लोकेशन, खबरी आणि गुन्हेगाराचा स्वतःचा गलथानपणा. माझं काम त्याच्या आधीचं आहे. पथकाकडे चारशे नावं आणि सहा माणसं असतील, तर पहिली वीस नावं कुठली तपासायची, एवढंच मी सांगू शकते. मालिकांमधला तो डोळे मिटून "मला तो दिसतोय" म्हणणारा माणूस मला अजून कुठल्याच पथकात भेटलेला नाही.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते, त्यातून बरंचसं उत्तर मिळेल. रात्रीच्या घरफोड्यांची मालिका होती, एकूण सात घरं. प्रत्येक ठिकाणी मागच्या खिडकीची जाळी स्क्रू काढून उतरवलेली, कुठे मोडतोड नाही. काढलेले स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर एका ओळीत, डोकी खाली आणि टोकं वर, असे उभे मांडून ठेवलेले. फोटो पाहिल्याबरोबर माझी लेखणी सुसाट सुटली. टापटिपीचा हट्ट असलेला, स्वतःवर पक्का ताबा असलेला, एकटा राहणारा, आपण किती शांत डोक्याने काम करतो हे दाखवायची हौस असलेला माणूस! सापडला तो फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधला हेल्पर. स्क्रू असे उभे करून ठेवायची सवय त्याला तिथल्या मिस्त्रीने लावली होती. आडवा ठेवला की घरंगळतो, आणि एक जरी हरवला तरी बोलणी खावी लागतात. घरी म्हणाल तर दोन खोल्यांत बायको, दोन मुलं, सासू आणि पाय ठेवायला जागा नाही इतका पसारा.

कामाची माहिती त्या फोटोत होती. या हातांना जाळ्या बसवायची-काढायची सवय आहे, एवढं एक वाक्य मी लिहिलं असतं तर पथकाने त्या कामाची दुकानं आणि तिथले कामगार पाहिले असते. मी स्वभाव लिहिला, आणि स्वभावाची नोंद कुठल्याच हजेरीपटात नसते.

आता थोडा इतिहास, कारण या क्षेत्राची कीर्ती आणि बदनामी दोन्ही त्यातून आली आहे. 1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 'जॅक द रिपर'चे खून चालू असताना डॉ. थॉमस बाँड यांनी पोलिसांना लिहून दिलं होतं की खुनी अंगाने दणकट, दिसायला निरुपद्रवी, मध्यमवयीन, नीटनेटक्या कपड्यांतला असावा, आणि त्याला शरीरशास्त्राचं ज्ञान असल्याचं दिसत नाही. खुनी सापडलाच नाही, त्यामुळे बाँड बरोबर होते की चूक, हे कधीच कळणार नाही. प्रोफाइलरसाठी याहून सुरक्षित प्रकरण नाही.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मात्र 1956 ची. न्यूयॉर्कमध्ये सोळा वर्षं कोणीतरी बाँब ठेवत होतं. पोलिसांनी मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांना विचारलं. त्यांनी इतर गोष्टींबरोबर असंही सांगितलं म्हणे की पकडाल तेव्हा तो डबल-ब्रेस्टेड सुटात असेल, आणि बटणं लावलेली असतील. जानेवारी 1957 मध्ये जॉर्ज मेटेस्की पकडला गेला आणि घरातून निघताना त्याने खरंच तसा सूट चढवला. ही गोष्ट सांगताना पुढचा भाग हमखास गाळला जातो. मेटेस्की सापडला तो वीज कंपनीतल्या एका महिला कर्मचाऱ्यामुळे. वर्तमानपत्राने डिवचल्यावर त्याने जी पत्रं लिहिली, त्यातल्या 'अन्याय' आणि 'कायमचं अपंगत्व' अशा शब्दांचा माग काढत तिने नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळल्या आणि 1931 च्या अपघातातल्या या कामगाराची फाइल बाहेर काढली. सूट लोकांच्या लक्षात राहिला. फाइल चाळणारी बाई राहिली नाही. मला विचाराल तर त्या प्रकरणातली खरी प्रोफाइलर तीच. त्या माणसाची तक्रार काय आहे हे तिने त्याच्याच शब्दांतून वाचलं आणि ती तक्रार कुठे नोंदलेली असेल तिथे जाऊन पाहिलं.

पुढे 1972 मध्ये एफबीआयचा वर्तनशास्त्र विभाग सुरू झाला. तिथल्या लोकांनी तुरुंगातल्या 36 खुन्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यातून 'संघटित' आणि 'असंघटित' गुन्हेगार ही प्रसिद्ध विभागणी आली. संघटित म्हणजे योजना करणारा, हत्यार बरोबर आणणारा, पुरावा मिटवणारा. असंघटित म्हणजे याच्या उलट. काम धाडसाचं होतं, त्याआधी कोणी इतकं पद्धतशीर विचारलं नव्हतं. पण 36 हा आकडा लहान आहे, ते सगळे पकडले गेलेले होते, बोलायला तयार झालेले होते, आणि आपल्याबद्दल खरंच बोलत होते याची हमी कोणीच देऊ शकत नव्हतं. 2004 मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी 100 मालिका-खुनांवर ही विभागणी तपासली, तेव्हा असे दोन वेगळे गट पडत नाहीत असं दिसलं. योजनेची काही लक्षणं जवळजवळ सगळीकडेच सापडतात. प्रत्यक्षातही तेच दिसतं. दोरी घरून आणणारा माणूस पळताना स्वतःची चप्पल विसरतो. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

खरा पेच जरा खोल आहे आणि तुम्ही मानसशास्त्राचे विद्यार्थी आहात म्हणून तो सविस्तर मांडते. प्रोफाइलिंग दोन गृहीतकांवर उभं आहे. एक, तोच माणूस वेगवेगळ्या गुन्ह्यांत साधारण सारखा वागतो. दोन, सारखे गुन्हे करणारी माणसंही सारखी असतात. पहिलं बऱ्यापैकी टिकतं. त्यातही सगळ्या बाबतींत नाही. जागा कशी निवडतो, किती वाजता येतो, समोरच्याला ताब्यात कसा घेतो, या गोष्टी त्याच्या हातात असतात आणि त्या पुन्हा पुन्हा दिसतात. तो किती मारहाण करतो, काय बोलतो, किती वेळ थांबतो, हे समोरची व्यक्ती कशी वागली आणि मध्ये कोण आलं यावर अवलंबून असतं; ते बदलतं. म्हणून दोन गुन्हे एकाच माणसाचे आहेत का, हे सांगायचं काम आम्ही त्यातल्या त्यात बरं करतो. दुसरं गृहीतक मात्र पायातच भुसभुशीत आहे. 2002 मध्ये मोक्रोस आणि अॅलिसन यांनी अनोळखी स्त्रियांवर बलात्कार केलेल्या 100 गुन्हेगारांचा अभ्यास केला. ज्यांची गुन्ह्यातली वागणूक एकमेकांशी जुळत होती, ते वय, नोकरी, शिक्षण, पूर्वीचे गुन्हे यांत एकमेकांशी जास्त जुळतील अशी अपेक्षा होती. तसं काही निघालं नाही.

मग बरीच प्रोफाइल 'बरोबर' कशी येतात? याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही थोडी ओशाळवाणी आहेत.

पहिलं म्हणजे काही गोष्टी कोणाबद्दलही म्हटल्या तरी बहुधा खऱ्याच ठरतात. 'पुरुष, विशीतला किंवा तिशीतला, फार लांब न राहणारा, आधी किरकोळ गुन्ह्यात सापडलेला' हे वाक्य अनोळखी व्यक्तीवरच्या बऱ्याच हिंसक गुन्ह्यांच्या फायलीत फोटो न पाहता टाका, बऱ्याच वेळा चालून जाईल. त्याला माझी गरज नाही. दुसरं कारण तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंच असेल. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर दिला. प्रत्येकाला वाटलं तो आपल्यासाठीच लिहिलाय; पाचपैकी सरासरी 4.26 गुण पडले. लॉरेन्स अॅलिसन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असाच प्रयोग पोलिसांवर केला. एक प्रोफाइल, पण काहींना खऱ्या गुन्हेगाराची माहिती दिली आणि काहींना बनवलेल्या, अगदी वेगळ्या माणसाची. दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते प्रोफाइल चांगलं जुळतंय असं वाटलं. 'वरवर मिळूनमिसळून वागणारा पण आतून एकाकी' हे वाक्य तुम्हाला लागू पडतं, मला लागू पडतं, आणि ज्याला पकडून आणलंय त्याला तर पडतंच पडतं.

याचा अर्थ सगळं थोतांड आहे असा नाही. ज्या ठिकाणी वर्तनाचा धागा जागेशी, वेळेशी, कामाच्या सवयीशी बांधता येतो, तिथे उपयोग होतो. भौगोलिक प्रोफाइलिंग हे त्याचं सगळ्यात भक्कम अंग. गुन्हेगार त्याच्या ओळखीच्या रस्त्यांवर वावरतो. अगदी दारात गुन्हा करत नाही, कारण तिथे ओळखतील. फार लांबही जात नाही, कारण तिथे त्याला पळवाटा माहीत नसतात. कँटर आणि लार्किन यांनी 1993 मध्ये 45 मालिका-बलात्काऱ्यांचे गुन्हे नकाशावर मांडले. सगळ्यात लांबच्या दोन गुन्ह्यांमधलं अंतर व्यास धरून वर्तुळ काढलं, तर 87 टक्के गुन्हेगारांचं घर त्या वर्तुळातच होतं. किम रॉस्मो यांनी 1995 च्या प्रबंधात याचं गणित मांडलं आणि त्यावरून सॉफ्टवेअर तयार झालं. पण हे सरसकट वापरू नका. घरफोड्या करणारे अनेकदा लांबून येतात. वर सांगितलेला हेल्परही वर्तुळाबाहेर राहत होता. वर्तुळाच्या मधोमध काय होतं माहीत आहे? त्याचं वर्कशॉप.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या प्रकरणात नकाशा आणि ऐकीव प्रोफाइल समोरासमोर उभी राहिली, म्हणून ते मी प्रत्येक प्रशिक्षणात शिकवते. 1975 ते 1980 या काळात पीटर सटक्लिफने 13 स्त्रियांचे खून केले. 1979 मध्ये पोलिसांना एक टेप आली, 'मीच तो' म्हणणारी. आवाजात इंग्लंडच्या ईशान्येकडच्या वेअरसाइड भागातले हेल होते. तपासाच्या वरच्या लोकांचा तिच्यावर विश्वास बसला आणि ज्यांच्या बोलण्यात ते हेल नाहीत, ते संशयित बाजूला टाकायचे असं ठरलं. सटक्लिफची त्या तपासात नऊ वेळा चौकशी झाली आणि नऊही वेळा तो सुटला. टेप खोटी होती. ती पाठवणाऱ्याला शिक्षा झाली ती थेट 2006 मध्ये. इकडे 1980 च्या डिसेंबरमध्ये स्टुअर्ट काइंड या न्यायवैज्ञानिकाने गुन्ह्यांच्या जागांचा मध्य काढला. वेळाही पाहिल्या: रात्री जितक्या उशिरा हल्ला, तितकं घर जवळ, कारण उशीर झालेल्याला घरी पोचायची घाई असते. त्यांचं बोट ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम आणि शिपली या भागांवर पडलं. सटक्लिफ त्या दोन्हींच्या मध्ये हीटनला राहत होता. अर्थात काइंड यांच्यामुळेही तो पकडला गेला नाही. जानेवारी 1981 मध्ये शेफिल्डला खोट्या नंबरप्लेटसाठी त्याला हटकलं आणि तिथून पुढचं उलगडत गेलं.

यातली मेख अशी. आवाजाचं लक्षण नावं गाळायला वापरलं, आणि एकदा गाळलेलं नाव पुन्हा वर येत नाही. तेच लक्षण यादी लावायला वापरलं असतं, तर सटक्लिफ खाली गेला असता पण यादीत राहिला असता. माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक वाक्य ठळक असतं: यावरून कोणालाही वगळू नये. तरी वगळतात. 2002 मध्ये वॉशिंग्टनच्या आसपासच्या गोळीबारात सगळे पांढऱ्या व्हॅनमागे धावत होते आणि टीव्हीवर बसलेले तज्ज्ञ एकट्या गोऱ्या माणसाबद्दल बोलत होते. निघाले दोन कृष्णवर्णीय, निळ्या शेव्हरलेमध्ये.

यादी लावण्याचं चांगलं उदाहरण लंडनचंच आहे. 1986 मध्ये रेल्वे स्थानकांच्या आसपासच्या बलात्कार-खुनांच्या तपासात पोलिसांकडे रक्तगटावरून वगैरे सुमारे दोन हजार नावांची यादी होती. जॉन डफीचं नाव त्यात दीड हजाराच्या आसपास होतं. कँटर यांनी सुरुवातीच्या गुन्ह्यांच्या जागांवरून राहण्याचा भाग सांगितला, लग्नात बेबनाव असावा, रेल्वेची चांगली माहिती असावी, असं लिहून दिलं. यादी पुन्हा लावल्यावर डफी वर आला, पाळत बसली, मग पुरावा मिळाला. पुरावा म्हणजे एक वेगळ्या प्रकारची दोरी, आईवडिलांच्या घरात. कोर्टात दोरी बोलली, प्रोफाइल नव्हे.

आणि प्रोफाइलला पुरावा समजलं की काय होतं, ते पाहायचं तर लंडनमधल्या विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळाचं प्रकरण पाहा. 1992 मध्ये तिथे एका तरुण आईचा तिच्या लहानग्यासमोर खून झाला. मानसशास्त्रज्ञाने खुन्याच्या लैंगिक कल्पनांचं प्रोफाइल बनवलं. एक संशयित त्यात बसतोय असं वाटलं. पुरावा काहीच नव्हता. मग एका महिला पोलिसाला ओळख लपवून त्याच्याशी मैत्री करायला लावलं, आणि तो कबुली देईल किंवा निदान तशा कल्पना बोलून दाखवेल म्हणून कित्येक महिने वाट पाहिली. त्याने कबुली दिलीच नाही. 1994 मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा बाहेर फेकला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर होता. डीएनएवरून ते नंतर कळलं आणि 2008 मध्ये त्याने गुन्हा मान्य केला. मधल्या काळात, 1993 मध्ये, त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या लहान मुलीचा जीव घेतला होता. कोणी मला 'प्रोफाइल चुकलं तर बिघडतं काय, नुसता सल्लाच तर आहे' म्हणालं की मी एवढंच सांगते आणि गप्प बसते.

पोलीस किती ऐकतात याचा एक जुना पण चांगला आकडा आहे. ब्रिटनमध्ये गॅरी कॉप्सन यांनी 1995 मध्ये 184 प्रकरणांतल्या अधिकाऱ्यांना विचारलं. प्रोफाइलमुळे गुन्हेगार ओळखला गेला असं फक्त 2.7 टक्के प्रकरणांत सांगितलं गेलं. पण उपयोग झाला का, यावर 80 टक्क्यांहून जास्त 'हो' म्हणाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता तसं वाटत नाही. तीन आठवडे एकाच संशयितावर अडकलेल्या अधिकाऱ्याला बाहेरचा कोणीतरी विचारतो, "हा रस्ता रात्री बंद असतो, मग तो आत आला कुठून?" आणि अधिकारी उठून पुन्हा नकाशापाशी जातो. त्या प्रश्नाचीही किंमत असते. गाडीतून येताना मी निम्म्या वेळा तेवढंच काम करून परतलेली असते.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. फाइल हातात आली की मी आधी पंचनामा आणि फोटो मागते, संशयितांची नावं मागत नाही. कोणी सांगायला लागलं तर थांबवते. नाव कानावर पडलं की डोळे त्याला साजेशाच गोष्टी शोधायला लागतात. मला हे बावीस वर्षांनीही टाळता येत नाही, म्हणून ऐकतच नाही. मग मयत किंवा पीडित व्यक्तीचा त्या दिवसाचा तासातासाचा आराखडा. अनेक पथकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि नेमकं इथेच बरंच काही सापडतं: ती रोज त्या रस्त्याने जात होती की त्याच दिवशी गेली, यावर आरोपी तिला ओळखत होता की वाट पाहत बसला होता हे ठरतं.

त्यानंतर लिहिणं. माझा एक नियम आहे: जे वाक्य चूक ठरू शकत नाही ते अहवालात येत नाही. 'स्त्रियांबद्दल मनात राग असलेला' हे वाक्य घेऊन हवालदार कुठे जाणार? त्याऐवजी मी असं लिहीन: 'पाचपैकी चार गुन्हे मंगळवारी, दुपारी एक ते तीनमध्ये, त्या वेळात तो मोकळा असतो, म्हणून पाळीत काम करणाऱ्यांना आणि त्या दिवशी सुट्टी असणाऱ्यांना आधी पाहा. आधार: फक्त पाच गुन्हे. खात्री: मध्यम. दुसरी शक्यता: हा दिवस पीडितांच्या सवयीमुळे ठरला असेल.' रुक्ष आहे, मान्य आहे. अधिकाऱ्यांनाही सुरुवातीला निराशा वाटते. त्यांना माणूस हवा असतो आणि मी वेळापत्रक देते.

पाकीटमारी, भांडणातला खून, पैशाच्या व्यवहारातला खून, टोळ्यांचे गुन्हे, यांत मला बोलावू नका; हेतू आणि ओळखी तिथे आधीच उघड असतात. अनोळखी व्यक्तीवरचे लैंगिक गुन्हे, आगी लावण्याच्या मालिका, निनावी धमक्यांची पत्रं, यांत बोलवा. आणि आरोपी ताब्यात आल्यावर चौकशी कशी करायची यासाठी तर जरूर बोलवा, त्याबद्दल कोणी विचारतच नाही.

सुरुवात कुठून करावी म्हणालात. आधी संख्याशास्त्र नीट करा, नावडतं असलं तरी. न्यायवैद्यकाची तोंडओळख हवी, जखमा वाचता आल्या पाहिजेत. आणि निकाल लागलेल्या जुन्या प्रकरणांच्या फायली मिळतील तिथून मिळवा. आरोपीचा भाग कोणाला तरी चिकटपट्टीने बंद करायला सांगा, बाकीचं वाचा, आपली विधानं क्रमांक घालून लिहा, पाकिटात घाला, मग पट्टी काढा आणि लाल पेनाने तपासा. बरोबर, चूक, आणि तिसरा रकाना 'तपासताच येत नाही'. माझी पहिली वही अजून कपाटात आहे. पहिल्या फायलीत मी 31 विधानं केली होती. बरोबर 6, चूक 8, आणि तिसऱ्या रकान्यात 17.